‘परमेश्वर’ : एका शब्दाचा अर्थ

परीक्षा जवळ आली की टेकडीच्या गणपतीपुढे आपली रांग लागते. तेथे आपण ‘देवा’ म्हणतो, ‘ईश्वरा’ म्हणतो, ‘परमेश्वरा’ही म्हणतो. परंतु तत्त्वज्ञांच्या लेखी हे शब्द एक नव्हेत.

‘ईश्’ म्हणजे सत्ता चालविणे. या धातूला ‘वरच्’ प्रत्यय लागून ‘ईश्वर’ शब्द सिद्ध होतो. म्हणूनच राजालाही ‘नरेश्वर’ म्हणतात. शांकर वेदान्तात ईश्वर म्हणजे मायेच्या उपाधीने युक्त ब्रह्म. अंतिम सत्य मात्र निर्गुण ब्रह्मच.

आपल्या विदर्भातील रिद्धपूर हे ज्याचे महास्थान, त्या महानुभाव पंथाने तेराव्या शतकात निराळा विचार मांडला, आणि तोही मराठीतून. श्रीचक्रधरांच्या मते जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार अनादी, परस्परभिन्न पदार्थ होत. देवतांनी दिलेले फळ नाशवंत. मोक्षदाता एकटा परमेश्वर. म्हणजे येथे ‘परम’ हे केवळ गौरवाचे विशेषण नाही; ती एक सीमारेषा आहे.

हा विचार सर्वांना पटेलच असे नाही. पण हात जोडताना आपण कोणाकडे काय मागतो आहोत, गुण की मुक्ती, एवढा प्रश्न तरी तो आपल्याला विचारावयास लावतो.