फुकट खेळाचें बिल

सन २०१० च्या अखेरीस 'स्मर्फ्स व्हिलेज' नांवाचा एक खेळ अमेरिकेंत आयफोनवर आला. निळ्या बुटक्यांचें गांव वसवावें, शेत पेरावें आणि पिकाची वाट पाहावी, एवढाच तो खेळ. आणि तो घेण्यास दमडीही पडत नसे. वाट पाहण्याचा कंटाळा आल्यास मात्र 'स्मर्फबेरी' नांवाचीं फळें खर्चावीं लागत, व तीं पैसे देऊन मिळत. त्या हिवाळ्याच्या सुटींत आठ वर्षांच्या एका मुलीनें आपलें गांव सजवितां सजवितां घरच्यांच्या माथीं १४०० डॉलरचें बिल चढविलें.

असें बिल आलें म्हणजे घरांत पहिला शब्द निघतो तो 'चोरी'. तो बहुधा अन्यायाचा असतो. मुलाच्या डोळ्यांपुढें नोट नसते, रुपया नसतो. असतात हिरे, मोहरा, फळें. एकदां रुपयांचे हिरे झाले कीं पुढचा सारा व्यवहार हिऱ्यांतच चालतो, आणि एका हिऱ्यास किती पैसे पडले हा हिशेब मोठ्या माणसालाही चटकन् सुटत नाहीं. पूर्वी वाण्याच्या उधारीच्या वहीवर मूल गूळ आणावयास जाई. तेंही पैसे नेत नसे. परंतु त्यानें एकदम पांच शेर गूळ मागितला असता, तर "आईनें खरेंच सांगितलें का रे?" असें विचारून वाण्यानें त्याला परत धाडलें असतें. फोनमधील दुकानांत असें विचारणारा वाणी नाहीं.

उलट आरंभीं तेथें दार उघडेंच राही. अ‍ॅपलच्या दुकानांत वडिलांनीं एकदां परवलीचा शब्द घातला कीं पुढें १५ मिनिटें तो पुन्हां विचारला जात नसे. बाप खेळ उतरवून फोन मुलाच्या हातीं देई; तेवढा वेळ मुलाला पुरे होई. अ‍ॅमेझॉननें तर २०११ सालीं ही विक्री सुरू केली तेव्हां परवलीचा शब्द मागितलाच नव्हता. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें प्रकरण हातीं घेतलें. २०१४ सालीं अ‍ॅपलनें किमान ३ कोटी २५ लक्ष व गूगलनें किमान १ कोटी ९० लक्ष डॉलर ग्राहकांस परत करण्याचें मान्य केलें.

भारतांत रिझर्व्ह बँकेच्या नियमानें २००९ पासून कार्डावरील ऑनलाइन खरेदीस दुसरी ओळख लागते. ती बहुधा ओटीपीच्या रूपानें येते. भिंत भक्कम खरी, पण तिची किल्ली येते कोठें? मूल खेळत असतें त्याच फोनवर. २०२० सालीं शाळा फोनवर भरूं लागल्या, तेव्हांपासून आईचा फोन तासन् तास मुलाजवळ राहूं लागला. आणि सहा आंकडे वाचून दुसरीकडे लिहिणें हें दुसरीच्या मुलासही जमतें. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें डिसेंबर २०२१ मध्यें याविषयीं पालकांस सूचना काढल्या होत्या.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान मुलास करार करतां येत नाहीं, आणि त्यानें केलेला करार मुळांतच रद्द होय, असा प्रिव्ही कौन्सिलचा १९०३ चा निवाडा आहे. पण कंपनीच्या दफ्तरीं खरेदीदार म्हणून नांव असतें तें आईचें किंवा बापाचें. बटण मुलानें दाबलें, हें दाखवावयाचें कोणी व कसें? म्हणून कोर्टाचा विचार करण्यापूर्वी, ज्या दुकानांतून खरेदी झाली त्या अ‍ॅपलकडे वा गूगलकडे परताव्याची मागणी करावी, आणि दिवस लोटूं देऊं नयेत.

प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द विचारला जावा, अशी सोय दोन्ही दुकानांत आतां आहे. आयफोनवर तर खेळांतील खरेदी अजिबात बंदही करतां येते. एवढें करूनही एक फट राहते. मुलाच्या हट्टाखातर त्याच्या बोटाचा ठसा फोनमध्यें नोंदलेला असेल, तर तो काढून टाकावा. फोन उघडण्यासाठीं दिलेला तोच ठसा पुष्कळदां खरेदीलाही चालतो.