कढईतला बटाटा, पातेल्यातला मका

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीला जाणाऱ्या मंडळींचा पावसाळी रविवार खाण्याशिवाय पुरा होत नाही. मधुबन धरणाच्या पाण्यात शिकारा फिरवून झाला की पावलं हातगाड्यांकडे वळतात. एका पातेल्यात मक्याची कणसं उकळतायत, शेजारच्या कढईत बटाट्याच्या चिप्स तळल्या जातायत. मुलं चिप्सकडे ओढतात, आई म्हणते, ‘‘कणीस घ्या, ते पौष्टिक.’’ आईचा निकाल बरोबर आहे, पण त्यामागची कारणं एकदा तपासून घ्यायला हवीत, कारण बटाट्याचा यात फार थोडा दोष आहे.

आधी दोघांनाही नुसतं उकडून पाहू. 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण 87 कॅलरी असतात आणि तेवढ्याच उकडलेल्या स्वीट कॉर्नच्या दाण्यांत 96. म्हणजे वजनाला वजन धरलं तर बटाटा किंचित हलकाच. पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व यांतही तो मक्याच्या पुढे आहे. सिडनी विद्यापीठात 1995 साली सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ लोकांना खाऊ घालून कशानं पोट किती वेळ भरल्यासारखं वाटतं हे मोजलं. पावाला 100 गुण धरले तेव्हा उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले. तो पहिला आला. त्याच यादीत फ्रेंच फ्राइजला मिळाले 116.

हा फरक कढईत पडतो. कच्च्या बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं. काप तेलात सोडल्यावर जो फेस उसळतो तो बटाट्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचा. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. खरं तेल शिरतं ते झाऱ्यानं काप बाहेर काढल्यावर! ते निवू लागले की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणून गरम असतानाच झारा नीट झटकून तेल निथळवणं महत्त्वाचं. गर्दीच्या वेळी गाडीवाला तेवढा थांबत नाही, आणि आपणही थांबू देत नाही.

परिणाम आकड्यांत पाहा. 100 ग्रॅम फ्रेंच फ्राइजमध्ये सुमारे 312 कॅलरी आणि 15 ग्रॅम स्निग्धांश. यातल्या जवळपास 135 कॅलरी एकट्या तेलाच्या. शिवाय पाणी उडाल्यामुळे त्या 100 ग्रॅममध्ये दुपटीहून जास्त कच्चा बटाटा सामावलेला असतो, हे खाताना लक्षात येत नाही. काप जितका पातळ तितकं तेल जास्त. पुड्यातल्या वेफर्समध्ये वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो आणि कॅलरी 500 च्या वर जातात. घरी तळायचंच असेल तर जाड फोडी करा.

तळण्याचे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला अॅक्रिलामाइडचा. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तळले-भाजले की त्यांत हे रसायन तयार होतं. ते घडतं अॅस्पॅराजिन या अमिनो आम्लाच्या आणि साखरेच्या संयोगातून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग होतो. काप जितके तांबूस-काळपट, तितकं ते जास्त. तेव्हा चिप्स सोनेरी असतानाच काढाव्यात, आणि तळण्यासाठीचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतली साखर वाढते. दुसरा प्रश्न तेलाचा. वारंवार तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल बिघडल्याची खूण असलेले घटक) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) नियम आहे. गाडीवर कोण मोजणार? आपण रंग आणि धूर पाहायचा. तेल काळं, चिकट झालं असेल आणि मंद आचेवरही धुरत असेल तर पुढच्या गाडीवर जावं.

आता मक्याकडे. प्रथिनं 100 ग्रॅममागे फ्राइजमध्ये आणि स्वीट कॉर्नमध्ये सारखीच, 3.4 ग्रॅमच्या आसपास. फक्त मका ती एक तृतीयांश कॅलरीत देतो. चोथा मिळतो, आणि पिवळ्या दाण्यांत डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी ल्युटिन आणि झिअॅझँथिन असतं. मधुमेही वाचकांसाठी : ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यांत स्वीट कॉर्न 52 च्या आसपास, फ्राइज 63, उकडलेला बटाटा 78. फ्राइजचा आकडा उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी दिसतो तो बऱ्याच अंशी तेलामुळे पचन रेंगाळतं म्हणून. त्यावरून चिप्सची परवानगी काढू नका.

पण मका म्हणजे भाजी नव्हे, हे आपण विसरतो. ते धान्य आहे. कणीस खाल्लं तर जेवणात एक पोळी कमी करायला हवी. आणि कपात मिळणाऱ्या ‘बटर मसाला कॉर्न’चं काय? एक मोठा चमचा बटर म्हणजे 100 कॅलरी. दाण्यांइतक्याच कॅलरी वर ओतल्या, मग मीठ-मसाला भुरभुरला की कढई टाळल्याचं पुण्य बरंचसं संपलं. थोडा स्निग्धांश ल्युटिन शोषायला मदत करतो, पण त्याला अर्धा चमचा पुरतो.

इथवरचा हिशेब मोटार घेऊन फिरायला आलेल्यांचा झाला. दादरा आणि नगर हवेलीत राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत इथल्या पाच वर्षांखालच्या 84.6 टक्के मुलांत आणि 79.5 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हे आकडे. त्यामागे वारली, कोकणा, धोडिया समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, फक्त आहार नाही. तरीही आहाराचा वाटा मोठाच. आणि तिथं ना चिप्स उपयोगी, ना कणीस. 100 ग्रॅम उकडलेल्या दाण्यांत लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, कॅल्शियम तर नावालाच. याच डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, 100 ग्रॅम पिठात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम 350 हून जास्त. पीठ कोरडं आणि दाणे ओले, हे जमेस धरूनही नागली कितीतरी पुढे राहते.

सिल्वासा परिसरातल्या पिपरिया किंवा मसाटच्या कारखान्यात बारा तास उभं राहून आलेल्या कामगाराला चिप्सच्या कॅलरी जड जातील असंही नाही. त्याला त्या लागतातच. पण भाकरी-डाळीतून मिळणाऱ्या कॅलरींबरोबर प्रथिनं आणि लोह येतं, चिप्सबरोबर मीठ आणि शिळं तेल. ज्याचा खिसा लहान त्यानं तर अशा कॅलरींवर पैसे घालवूच नयेत.

तेव्हा गाडीवर निवड करायची असेल तर कणीस घ्या. भाजलेलं असो वा उकडलेलं, बटरशिवाय आणि लिंबू चोळून घ्या. लिंबातलं क जीवनसत्त्व मक्यातलं आहे तेवढं लोह अंगी लागायला मदत करतं. चिप्सचा मोह झालाच तर एक पुडा चौघांत वाटून खा. आणि घरी दाणे वाफवाल तेव्हा त्यांत मूठभर उकडलेले हरभरे किंवा मोडाची मटकी घाला : मक्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते कडधान्यांत भरपूर आहे.