विश्लेषण : दोर, करवत आणि वनस्पतीशास्त्र… ‘ट्री सर्जन’ कसे होता येते?

मे महिना उजाडला की शहरांतल्या सोसायट्यांमध्ये झाडांच्या छाटणीची घाई सुरू होते. पावसाळ्यात फांदी कोसळून जीव गेल्याच्या बातम्या येतात, तशाच छाटणी करताना झाडावरून पडलेल्या किंवा विजेच्या तारेचा धक्का बसलेल्या कामगारांच्याही येतात. तरीही ‘कोयता घेऊन कोणीही चढावे’ असे हे काम मानले जाते. अनेक देशांत मात्र तो रीतसर शिकण्याचा व्यवसाय आहे. त्यात लोक कसे येतात आणि आपल्याकडे त्याची वाट कुठून जाते, याचा हा आढावा.

ट्री सर्जन नेमके काय करतो?

झाड तोडणे हा या कामाचा शेवटचा पर्याय. त्याआधी झाड तपासणे, रोग-कीड ओळखणे, पोकळ झालेले खोड किती भार पेलेल याचा अंदाज घेणे आणि धोकादायक फांद्या शास्त्रीय पद्धतीने उतरवणे ही कामे येतात. या तज्ज्ञाला ‘आर्बोरिस्ट’ असेही म्हणतात.

साधी जाड फांदी कापायची तरी तीन काप द्यावे लागतात. पहिला खालून अर्धवट, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून आणि फांदीचे वजन उतरल्यावर तिसरा खोडाजवळ. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. तिसरा कापही खोडाला अगदी चिकटून घ्यायचा नसतो. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर पट्टा असतो. तो शाबूत राहिला, तरच जखम नीट झाकली जाते.

हे शास्त्र कधी बदलले?

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील ओहायोत स्थायिक झालेल्या जॉन डेव्ही यांचे ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक १९०१ मध्ये आले. त्या काळी झाडाची ढोली कोरून साफ करायची आणि दात भरावा तसे तिच्यात सिमेंट भरायचे, अशी पद्धत होती. ‘ट्री सर्जरी’ हा शब्द त्याच जमान्यातला.

पुढे अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. झाड माणसासारखी जखम भरून काढत नाही. तिच्याभोवती भिंती उभारून ते सडका भाग कोंडून ठेवते, ही मांडणी त्यांनी १९७०च्या दशकात केली. त्यानंतर ढोलीत सिमेंट भरणे, जखमेला डांबर फासणे, शेंडा सरसकट उडवणे या गोष्टी शास्त्राने मोडीत काढल्या. आपल्या रस्त्यांवर मात्र त्या अजून दिसतात.

ब्रिटनमध्ये प्रवेश कसा मिळतो?

तिथे बहुतेकांची सुरुवात जमिनीवरून होते. पडलेल्या फांद्या ओढणे, त्या चिपर यंत्रात घालणे, वर चढलेल्या सहकाऱ्याचे दोर सांभाळणे ही पहिली कामे. कमावता-शिकता येईल अशी ॲप्रेंटिसशिप हा एक मार्ग. दुसरा मार्ग सुट्या प्रमाणपत्रांचा. करवतीची निगा, लहान झाड पाडणे, दोरावर चढणे, दोरावर लटकून करवत चालवणे या प्रत्येकाची वेगळी परीक्षा असते.

यात एक अट शिकण्यासारखी आहे. वर अडकलेल्या किंवा जखमी सहकाऱ्याला खाली आणण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस कामाच्या जागी हजर असावा लागतो. एकट्याने चढायचे नाही.

आंतरराष्ट्रीय पात्रता कोणती?

‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ ही १९२४ मध्ये स्थापन झालेली संस्था ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ ही पात्रता देते. परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांचा अनुभव किंवा संबंधित शिक्षण व अनुभव यांची जोड लागते. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. ते टिकवायचे तर या काळात शिकत राहावे लागते. भारतातही काही मोजक्या लोकांनी ही पात्रता मिळवली आहे.

आपल्याकडे अडचण कुठे आहे?

कौशल्य आणि शास्त्र वेगवेगळ्या माणसांकडे आहे, ही खरी अडचण. कोकणात, गोव्यात पिढ्यान्पिढ्या माडावर चढणारे पाडेली आहेत. शहरांत ठेकेदाराकडे रोजंदारीवर झाडावर चढणारे कामगार आहेत. त्यांच्या हातात कसब आहे, पण कागद नाही. दुसरीकडे उद्यानविद्या, वनशास्त्र शिकलेले पदवीधर आहेत. त्यांना रोग ओळखता येतो, पण त्यांच्यापैकी बहुतेक जण दोराला हात लावत नाहीत. मधली जागा रिकामी आहे आणि करिअरची संधीही तिथेच आहे.

कायद्यानेही या जाणकारांची गरज वाढवली आहे. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ ठरवले. तोडायच्या झाडाचे वय जितके, तितकी झाडे लावण्याची तरतूदही केली. म्हणजे झाडाचे वय काढणारा आणि ते खरेच धोकादायक आहे का हे सांगणारा जाणकार लागणारच.

नारळाने दाखवलेली वाट कोणती?

माडावर चढणारे मिळेनात म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा उपक्रम सुरू केला. सहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात तरुण-तरुणींना यंत्राच्या साह्याने चढणे, माडाची निगा आणि रोगांची ओळख शिकवली गेली. सोबत विमाही दिला गेला. जातीशी आणि पिढीजात धंद्याशी जोडलेले काम प्रशिक्षण, यंत्र आणि विमा मिळाल्यावर कोणालाही खुले होते, हे त्यातून दिसले. शहरी झाडांसाठी असे काही मोठ्या प्रमाणावर अजून झालेले नाही.

सुरुवात कुठून करावी?

बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन कृषी विद्यापीठांतील उद्यानविद्या किंवा वनशास्त्र पदवीला जाता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय हे त्यातले एक. पदवीनंतर महापालिकांचे उद्यान विभाग, लँडस्केप कंपन्या, खासगी सल्ला या दिशा खुल्या होतात.

पदवी नसेल तर एखाद्या जाणत्या आर्बोरिस्टच्या चमूत मदतनीस म्हणून शिरणे हा मार्ग. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांना दोर, गाठी आणि हार्नेस ओळखीचे असतात. त्यांना झाड शिकावे लागेल. पाडेलींना झाड ठाऊक असते. त्यांना दोर आणि सुरक्षा शिकावी लागेल. दोघांनीही करवतीची घाई करू नये. आधी जमिनीवरचे काम, मग चढणे, मग बचाव आणि सर्वांत शेवटी करवत, हा क्रम पाळावा.

यात ग्राहकाचाही वाटा आहे. छाटणीसाठी महापालिकेची परवानगी घेतली की आपले काम संपले, असे सोसायट्यांना वाटते. चढणाऱ्याकडे हेल्मेट, हार्नेस आणि विमा आहे का, वीजपुरवठा बंद केला आहे का, खाली बचाव जाणणारा माणूस आहे का, हे प्रश्न निविदेत आले की शिकलेल्या माणसाला दर मिळेल. सर्वांत कमी दराचा ठेका हाच निकष राहिला, तर चांगले शिकलेले लोक या कामात टिकणार नाहीत.