यंत्राचे दूध नासते तेव्हा

पालघर जिल्ह्यातील वाढवण हे गाव अलीकडे वर्तमानपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. तेथील नियोजित मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. परंतु डहाणू तालुक्याच्या या किनारपट्टीवर मासेमारी आणि बागायतीच्या जोडीने आणखी एक उद्योग चालतो, त्याची माहिती बाहेर फार थोड्यांना असते. वाढवण, वरोर, चिंचणी, डहाणू या भागातील लहान लहान कारखान्यांत तार ओढण्याच्या ‘डाय’ तयार होतात. हे काम करणारे स्वतःला डायमेकर म्हणवतात.

डाय म्हणजे काय? पोलादाच्या गोल चकतीच्या मधोमध हिऱ्याचा किंवा टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो आणि त्याला आरपार भोक असते. हे भोक एका बाजूने नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते. जाड तारेचे टोक त्यातून घालून पलीकडून ओढले, की तार बारीक आणि लांब होते. सोनाराकडची भोकाभोकांची पोलादी पट्टी तुम्ही पाहिली असेल. डाय हे तिचेच सुधारलेले रूप.

आता एक हिशोब करू. तांब्याच्या ८ मिलिमीटर जाडीच्या कांबेपासून ०.१ मिलिमीटर जाडीची तार करायची आहे. व्यास ८० पटींनी कमी होणार; म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ८० × ८० = ६,४०० पटींनी कमी होणार. तांब्याचे आकारमान मात्र तेवढेच राहते. म्हणून १ मीटर कांबेची तार होईल ६,४०० मीटर, म्हणजे ६.४ किलोमीटर! एका डायमधून जाताना क्षेत्रफळ २० टक्क्यांनी घटते असे धरले, तर तार एकामागून एक सुमारे ४० डायमधून जावी लागेल. पडताळा हवा असेल, तर ०.८ ला पुन्हा पुन्हा ०.८ ने गुणून पाहा.

एवढी ओढाताण झाली की उष्णता निर्माण होणारच. एखादी तार हाताने वीस-पंचवीस वेळा उलटसुलट वाकवा आणि वाकलेल्या जागी बोट लावा. ती गरम लागेल. धातूचा आकार बदलण्यासाठी केलेल्या श्रमाचे बहुतांश रूपांतर उष्णतेत होते. त्यात तार आणि डाय यांच्या घर्षणाची भर पडते. लेथवर लोखंड कातताना किंवा ड्रिलने भोक पाडताना हेच घडते. उष्णतेने हत्याराची धार जाते आणि कामाचे माप चुकते.

यावर उपाय काय? अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने धातू कातण्यावरचे आपले प्रयोग १९०७ साली प्रसिद्ध केले. हत्याराच्या टोकाशी पाण्याची भरपूर धार सोडली, तर लोखंड ३० ते ४० टक्के अधिक वेगाने कातता येते, असे त्याला दिसून आले होते. मात्र नुसत्या पाण्यात दोन उणिवा आहेत : ते गंज आणते आणि त्यात वंगणाचा गुण नसतो. तेलात वंगणाचा गुण असतो, पण उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याच्या मागे पडते. दोघांचे गुण एकत्र कसे आणायचे?

त्यासाठी एक प्रयोग करा. बाटलीत पाणी आणि चमचाभर गोडे तेल घालून हलवा. थोड्या वेळाने तेल पुन्हा वर येईल. आता त्यात साबणाचे पाणी घालून जोराने हलवा. द्रव पांढरा होईल आणि बराच वेळ तसाच राहील. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले राहतात. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. आपले दूध हेही स्निग्ध पदार्थाचे पाण्यातील पायसच आहे. कारखान्यातील कूलंट, म्हणजेच शीतक द्रव, अनेकदा असेच असते : पाण्यात साधारण ५ टक्के खास तेल, दिसायला दुधासारखे पांढरे. पंप ते टाकीतून उचलून हत्यारावर किंवा डायवर सोडतो, ते गाळणीतून परत टाकीत येते, आणि हा फेरा दिवसभर चालू राहतो.

आणि दुधाप्रमाणे हे ‘दूध’ही नासते. त्याचे शत्रू चार.

पहिला शत्रू धातूचा कीस आणि चुरा. तो टाकीच्या तळाशी साचतो, गाळणी तुंबवतो, पंप झिजवतो. तार ओढताना निघालेला तांब्याचा चुरा हिऱ्याहून कितीतरी मऊ असतो. पण तो डायच्या तोंडाशी साचला, की वंगणाची वाट अडते, तार कोरडी घासली जाते, तिच्यावर ओरखडे उठतात आणि शेवटी ती तुटते.

दुसरा शत्रू परके तेल. यंत्राच्या सरकत्या भागांना घातलेले वंगण गळून टाकीत येते आणि सायीसारखे वर तरंगते. यंत्र बंद असताना ही साय खालच्या द्रवाला हवा मिळू देत नाही.

याचा फायदा घेतो तिसरा शत्रू, म्हणजे जंतू. पाणी, ऊब आणि तेलातील अन्न मिळाल्यावर ते भराभर वाढतात. हवेवाचून जगणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. या वायूला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. म्हणूनच सुट्टीनंतर यंत्र सुरू करताच कारखान्यात घाण वास सुटतो. जंतू आम्लेही तयार करतात, त्यामुळे गंज वाढतो आणि पायस फुटू लागते.

चौथा शत्रू पाण्यातील क्षार. कूलंटमधून उडून जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. भर म्हणून घातलेल्या पाण्याबरोबर आणखी क्षार येतात. मिठागरात जे घडते, तेच टाकीत हळूहळू घडत असते. मघाच्या बाटलीत अंगाच्या साबणाचे पाणी वापरून थोडे समुद्राचे पाणी घाला आणि काय होते ते पाहा. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साका तयार करतात आणि तेल सुटू लागते. किनाऱ्यावरच्या ज्या विहिरींचे पाणी मचूळ असते, ते कूलंटला का चालत नाही, हे यावरून कळेल.

मग देखभाल कशी करावी? पहिला नियम मोजमापाचा. समजा १०० लिटर कूलंटमध्ये ५ लिटर तेल आहे. २० लिटर पाणी उडाले, तर उरलेल्या ८० लिटरमध्ये तेलाचे प्रमाण सव्वासहा टक्के होते. अशा वेळी पुन्हा ५ टक्क्यांचेच मिश्रण घातले, तर प्रमाण वाढत जाईल. म्हणून भर पातळ मिश्रणाची घालतात. प्रमाण पाहण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारे उपकरण असते. द्रवाचा एक थेंब प्रकाशकिरण किती वाकवतो, यावरून ते प्रमाण सांगते. पीएच पट्टीने अल्कता पाहतात. मूल्य साधारण ८.५ ते ९.५ असावे. ते घसरू लागले, तर जंतू वाढले असे समजावे. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. नाहीतर पायस नीट बनत नाही.

दुसरा नियम रोजच्या सफाईचा. यंत्र थांबवून विजेचा मुख्य खटका बंद करावा, कीस ब्रशने किंवा आकड्याने काढावा, हाताने कधीही नाही. दाबाच्या हवेने कीस उडवणे सोपे वाटते, पण तो डोळ्यांत जातो आणि यंत्राच्या सांध्यांतही घुसतो. वर तरंगणारे तेल दररोज काढून टाकावे.

तिसरा नियम पूर्ण सफाईचा. ठराविक काळाने टाकी रिकामी करावी, तळाचा गाळ खरवडून काढावा, सफाईचा द्रव पंप, नळ्या आणि गाळणी यांतून फिरवावा, मग स्वच्छ पाण्याने धुवावे आणि नंतरच नवे कूलंट भरावे. जुना गाळ ठेवून नवे कूलंट ओतणे म्हणजे विरजणाच्या भांड्यात ताजे दूध ठेवणे होय.

हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. नासलेल्या कूलंटने हातांना खाज आणि इसब होतो. त्याचे तुषार श्वासातून आत गेले, तर फुप्फुसांना अपाय होतो. २००३-०४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मोटारींची इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात अनेक कामगारांना असे फुप्फुसाचे विकार जडले होते. म्हणून हातमोजे, पडदे आणि हवा खेचणारे पंखे आवश्यक असतात. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, रॉकेलने नव्हे.

टाकीतून काढलेले जुने कूलंट कोठे जाते? ते गटारात ओतले, तर खाडीत पोहोचते, आणि खाडीत तर माशांची पिल्ले वाढतात. केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला आहे. वापरलेले तेल आणि तेलकट गाळ परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडेच द्यावा लागतो.

आता पुन्हा डायमेकरकडे वळू. भोक गुळगुळीत करण्यासाठी तो तेलात कालवलेली हिऱ्याची पूड वापरतो. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक टप्प्यानंतर डाय धुऊन भिंगाखाली तपासावी लागते. जाड पुडीचा एखादा कण जरी मागे राहिला, तरी तो पुढच्या टप्प्यात ओरखडा पाडतो आणि केलेले काम वाया जाते. झिजलेली डायसुद्धा टाकून देत नाहीत. भोक पुन्हा घासून थोड्या मोठ्या मापाची करतात.

अशी कसोशीने घडवलेली डाय दूरच्या तारेच्या कारखान्यात जाते. ती तेथे किती दिवस टिकणार, हे तेथील टाकीतल्या पांढऱ्या द्रवावर, आणि ती टाकी धुणाऱ्या माणसावर पुष्कळसे अवलंबून असते. तुमच्या शाळेची सहल एखाद्या कारखान्यात गेली, तर चकचकीत यंत्रे पाहून झाल्यावर मागची टाकी दाखवण्याचीही विनंती करा.