अर्धपारदर्शक : उजेड येतो, चेहरा दिसत नाही

लेखमाला : रोजच्या शब्दांतलं विज्ञान

गेल्या आठवड्यात आपण पारदर्शक पदार्थ पाहिले. आज पाळी 'अर्धपारदर्शक' या शब्दाची. शाळेत याची उदाहरणं ठरलेली असतात : तेलकट कागद, दुधी काच, ट्रेसिंग पेपर. पण शब्दातल्या 'अर्ध'मुळे अनेकांचा समज होतो की, असे पदार्थ निम्मा प्रकाश सोडतात आणि निम्मा अडवतात. तसं नाही.

मोटारीच्या काचा घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. म्हणजे बाजूच्या काचेने निम्मा प्रकाश अडवला तरी ती नियमात बसते. तरीही तिच्यातून रस्ता, पाट्या, माणसं रेखीव दिसतात. उजेड घटला, पण चित्र शाबूत राहिलं; म्हणून ही काच पारदर्शकच. याउलट दुधी काचेतून खोलीत भरपूर उजेड येतो, पण पलीकडे कोण उभं आहे ते ओळखू येत नाही. प्रकाश किती आला, यापेक्षा तो वाटेत किती विस्कटला, हे इथे महत्त्वाचं.

दुधी काच तयार करताना साध्या काचेवर वाळूचा जोरदार मारा करतात किंवा आम्लाने तिचा पृष्ठभाग खरखरीत करतात. त्यावरचा प्रत्येक बारीक उंचवटा किरणांना वेगळ्या दिशेला वळवतो. शाळा सुटल्यावर मुलांची रांग मोडावी, तसे किरण चहूकडे पांगतात. त्यामुळे उजेड मऊ होतो, सावल्या फिकट पडतात आणि पलीकडची आकृती पुसली जाते.

कागदात हे विखुरणं आतल्या आत चालतं. त्याचे तंतू मुळात रंगहीन, पण त्यांच्यामध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. भज्यांचं तेल त्या पोकळ्या भरून काढतं. तेल प्रकाशाला जवळपास तंतूंइतकंच वळवतं, त्यामुळे सीमा जणू नाहीशा होतात आणि डागातून मागची अक्षरं दिसू लागतात.

'कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा' ही पाककृतीतली सूचनाही याच जातीची. काटेकोर बोलायचं तर तो अर्धपारदर्शक होतो. उष्णतेने पेशी फुटतात आणि त्यांचा रस हवेची जागा घेतो. साबुदाणा शिजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि पांढरा दाणा काचेसारखा होतो.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तर हा गुण घर बांधतानाच वापरला आहे. काच सहज मिळत नव्हती, त्या काळात लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चपट्या शिंपल्यांचे तुकडे बसवत. 'प्लाकुना प्लासेंटा' हे या शिंपल्याचं शास्त्रीय नाव. त्याच्या पातळ थरांतून ऊन गाळून येतं. डोळ्यांना झळ लागत नाही आणि घराचा आडपडदाही राहतो.

अंतराचाही यात वाटा असतो. ट्रेसिंग पेपर चित्रावर टेकवला की रेघा स्पष्ट दिसतात. वीतभर वर उचलला की त्या धूसर होतात. पांगलेल्या किरणांना पसरायला जागा मिळाली की चित्र बिघडतं.

घरी एक प्रयोग करून पाहा. दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून लावा. पट्टीचा डिंक खळगे भरतो आणि तेवढ्या जागेतून आरपार दिसू लागतं. पाण्यानेही कमी-अधिक हेच घडतं. म्हणून न्हाणीघराच्या दाराला अशी काच बसवताना खरखरीत बाजू बाहेर, कोरड्या अंगाला ठेवायला सुताराला आठवणीने सांगा.