खुनी कोण, ते सांगू नका!

“काय वाचायलास?”

“झुंजार.”

“कसं हाय?”

“भारी हाय. पण सांगत नसतो. तू वाच.”

परभणीच्या वाचनालयात, बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर असं बोलणं सहज कानावर पडेल. जरा थांबून त्याच्याकडे बघा. केवढी अजब गोष्ट आहे ही! एरवी पुस्तक आवडलं की आपण त्यातलं सगळ्यात भारी काय, ते आधी सांगतो. रहस्यकथेचा चाहता मात्र नेमकं तेच गिळून टाकतो आणि तरीही समोरच्याला पुस्तक घ्यायला लावतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली रंगमंचावर आलं. कोविडने पाडलेला खंड सोडला, तर ते आजतागायत चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका. आणि लोक ऐकतात! तिथला प्रेक्षक आणि आपल्याकडचा वाचक एकच शिस्त पाळतात. ही शिस्त त्यांना लावली कुणी?

आधी रहस्यकथा आपल्यापर्यंत आली कशी, ते पाहू. १८४१ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन पो याने एक कथा लिहिली. तिच्यात एक माणूस केवळ विचार करून खुनाचा उलगडा करतो. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात साधारण तिथून धरतात. १८८७ मध्ये शेरलॉक होम्स अवतरला. आणि मग मुंबईत एका माणसाने मराठीत जे केलं, त्याला तोड नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं नाव. तुम्ही त्यांना ओळखता बाबुराव अर्नाळकर म्हणून. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, ही सगळी माणसं एकाच डोक्यातून निघाली. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे जाते. हजार! आपल्यातल्या बहुतेकांची आयुष्यभरात वाचूनही एवढी पुस्तकं होत नाहीत. अर्नाळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून चष्मे विकणारा हा माणूस कागदावर मात्र समोरची गोष्ट वाचकाला दिसू न देण्याची किमया करत होता.

त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले. १९७०च्या दशकात त्यांचे गोलंदाज, गरुड, शिलेदार, कॅप्टन दीप घरोघर गेले आणि त्यांच्याही कादंबऱ्या बाराशेच्या पुढे गेल्या. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद दिले. ही पुस्तकं विकत किती जणांनी घेतली असतील? वाचली मात्र गावंच्या गावं. एक प्रत वाचनालयातून घरी यायची आणि परत जाईपर्यंत घरातले, शेजारचे, शेजारच्यांचे पाहुणे ती संपवायचे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गांतल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली आणि वाचनालय तालुक्याच्या गावांत, खेड्यांत रुजायला मदत झाली. परभणीतलं गणेश वाचनालय असो की सेलू-जिंतूरकडच्या एखाद्या गावातली दोन कपाटं, रहस्यकथेचं पुस्तक ओळखायला नाव वाचावं लागत नाही. ज्याची शिवण उसवलेली आणि कोपरे गोल झालेले, ते रहस्यकथेचं.

पण एका पुस्तकाने इतक्या जणांना एका बैठकीत बसवून ठेवावं, असं त्यात असतं काय?

१९९४ मध्ये अमेरिकन अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टीन यांनी कुतूहलाचा एक सोपा उलगडा मांडला. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवं आहे, यांच्यात फट दिसली की मन अस्वस्थ होतं. दात पडल्यावर जीभ सारखी त्याच खळग्यात जाते ना, तसंच. ज्या विषयातलं काहीच ठाऊक नाही, त्याबद्दल फारसं कुतूहल वाटत नाही. थोडं कळलेलं असावं लागतं. म्हणून रहस्यकथाकार पहिल्याच प्रकरणात भरपूर सांगून टाकतो. प्रेत कुठे, वेळ काय, घरात कोण कोण. सगळं देतो आणि मधला एकच तुकडा काढून घेतो. चित्र जितकं भरत जातं, तितका तो रिकामा तुकडा जास्त टोचतो.

आता याहून मोठं नवल ऐका. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले. उत्तर लगेच दिलं नाही, काही सेकंद थांबवलं. त्या थांबण्याच्या काळात पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. नंतर अचानक विचारलं, यातले कोणते चेहरे आठवतात? ज्या प्रश्नांचं उत्तर जाणून घ्यायला जीव कासावीस झाला होता, त्या प्रश्नांच्या वेळचे चेहरे लोकांना जास्त आठवले! उत्तराची वाट पाहताना मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा आणि स्मरणाची यंत्रणा जोडीने कामाला लागतात, आणि त्या वेळात जे समोरून जाईल ते टिपलं जातं.

म्हणजे काय, लक्षात येतंय? रहस्यकथा हातात असताना तुमचा मेंदू दोन-तीनशे पानं उत्तराची वाट पाहत असतो. पूर्णा स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत वाचलेली एखादी रहस्यकथा पुढे कित्येक वर्षांनी आठवते, तेव्हा तिच्यासोबत तो बाक, शेंगा विकणाऱ्याची आरोळी आणि कंदिलाची काजळीही आठवते, याचं नवल वाटायला नको. खुनी विसरलेला असतो, शेंगा आठवतात!

आता लेखकाची करामत अगदी जवळून पाहू. पुढचा परिच्छेद नेहमीच्या वेगाने वाचा.

समजा, गंगाखेडला गोदावरीकाठी एक जुना वाडा आहे. रात्री दहाला गड्याने दाराला आतून अडसर लावला. बारानंतर पावसाने झोड उठवली. पहाटे मालक खोलीत मरून पडलेले सापडले. खोलीत होतं काय? कोनाड्यात विझलेला कंदील, उघडी चोपडी, अर्धा पिऊन ठेवलेला चहा, भिंतीला टेकवलेली ओली छत्री, खुंटीवरचा कोरडा कोट आणि पलंगापाशी रक्ताने माखलेला अडकित्ता. गडी हुंदके देत म्हणाला, “रात्रभर अडसर निघालाच नाही, साहेब. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.”

तुमची नजर कुठे अडकली? बहुतेक अडकित्त्यावर. खरं म्हणजे सगळा उलगडा छत्रीत आहे. पाऊस बारानंतर पडला. छत्री ओली आहे. म्हणजे बारानंतर कुणीतरी पावसातून आत आलं. मग अडसर काढला कुणी? छप्पर गळत असेल म्हणाल, तर छत्री तेवढी भिजली आणि शेजारचा कोट कसा कोरडा राहिला? गडी खोटं बोलतोय.

मी तुमच्यापासून काहीही लपवलं नव्हतं! फक्त छत्री यादीच्या मधोमध ठेवली. यादीतलं पहिलं आणि शेवटचं ध्यानात राहतं आणि मधलं निसटतं, हे मानसशास्त्राला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. त्यापुढे लगेच रक्त दाखवलं. रक्तावर रडणारा माणूस आणून बसवला. आणि पाऊस व छत्री या दोन गोष्टींमध्ये दोन वाक्यांचं अंतर टाकलं, म्हणजे तुम्ही त्यांची गाठ मारू नये. अर्नाळकरांपासून ख्रिस्तीपर्यंत सगळे याच खेळाचे वस्ताद. ख्रिस्तीला तर पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केल्यामुळे विषांची बारीक माहिती होती. विष कोणतं, हे ती उघड सांगायची आणि वाचकाला भलत्याच माणसाकडे बघायला लावायची.

या खेळाला नियमही आहेत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्लंडमधल्या पाद्री लेखकाने दहा नियम मांडले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर आला पाहिजे. केवढी मोठी अट! जादूगाराला सांगायचं, की पत्ता लपवायचा नाही, टेबलावर सुलटा ठेवायचा आणि तरीही कुणाला दिसू द्यायचा नाही.

पण खुनाच्या रहस्याची दुसरी, खरी बाजूही परभणीकरांना ठाऊक आहे. १९७२ ते १९७४ या काळात याच जिल्ह्यातल्या मानवतमध्ये स्त्रियांचे आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. रामन राघव या मालिका-खुन्याच्या प्रकरणामुळे त्यांचं नाव आधीच सर्वदूर झालं होतं. त्यांनी पुढे आपल्या तपासांवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या आधारे २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तिथे धागे कुणी रचून ठेवलेले नव्हते. भीती खरी होती, गेलेली माणसं कुणाची तरी लेक, आई होती. त्या दुःखाचं कोडं करू नये. पण कल्पित रहस्यकथेला माणूस एवढा का बिलगतो, हे अशा वेळी समजतं. तिथे लेखकाने शब्द दिलेला असतो, की शेवटच्या पानापर्यंत ये, सगळ्याचा अर्थ लागेल. जगात हा शब्द दर वेळी पाळला जात नाही. पुस्तकात पाळला जातो.

मग खुनी आधीच कळला तर पुस्तक वाया जातं का? जुन्या प्रतींत कुणी खोडकराने पहिल्याच पानावर पेन्सिलीने नाव लिहिलेलं सापडतं तेव्हा जीव तळमळतो. पण २०११ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी बारा कथा घेऊन पाहिलं. त्यांत रहस्यकथाही होत्या. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना एकूणात कथा जास्त आवडल्या! नंतरच्या काही प्रयोगांत वेगळे निकालही आले, म्हणून मित्राला शेवट सांगायची घाई करू नका. तरी एक गोष्ट आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. पहिल्या वाचनात आपण खुनी शोधतो. दुसऱ्या वाचनात लेखक शोधतो. ती छत्री आता कशी लखलखते! हे आपल्याला दिसलं कसं नाही, या प्रश्नाची गोडी मूळ रहस्यापेक्षा तसूभरही कमी नसते. अर्नाळकर तिसऱ्यांदा वाचणारे आजोबा वेडे नसतात.

आणि हेच पुस्तक दहा जणांनी वाचलं तर दहा जणांचा संशय दहा माणसांवर जातो. कुणाला डॉक्टर आवडत नाही, कुणाला धाकटा दीर. आपण कुणावर चटकन विश्वास ठेवतो आणि कुणावर उगाच संशय घेतो, हे रहस्यकथा इतकं साफ दाखवते, की खुन्यासोबत वाचकही उघडा पडतो. रहस्यकथेवरच्या गप्पांना म्हणूनच अर्धं पुस्तक झालेलं असताना खरी रंगत येते.

एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोन अमेरिकन मावसभावांनी १९२९ मधल्या आपल्या पहिल्याच कादंबरीत उलगड्याच्या आधी गोष्ट थांबवली आणि वाचकाला थेट आव्हान दिलं, की सगळे धागे आता तुझ्या हातात आहेत, सांग खुनी कोण. हे आव्हान कोणत्याही रहस्यकथेत आपलं आपल्याला देता येतं. वाचनालयातून एक काढा, मित्रालाही तीच वाचायला लावा. शेवटचं प्रकरण आलं की दोघेही थांबा. एका चिठ्ठीवर नाव लिहा, नावाखाली कारण लिहा, चिठ्ठ्या बदला आणि भांडा. कडाकडा भांडा! लेखकाने तुमच्यासाठी रचलेली सगळी करामत त्या भांडणात एकेक करून बाहेर पडेल. पान त्यानंतर उलटा.