बाळाला कुशीत घेता यावे म्हणून

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात आले, की छातीवर इलेक्ट्रोड चिकटतात, पायाला ऑक्सिजन मोजणारा पट्टा बसतो आणि प्रत्येकातून एक वायर मॉनिटरकडे जाते. या बाळांची कातडी इतकी कोवळी असते, की चिकटपट्टी काढताना सालटे निघू शकते. ‘कांगारू केअर’साठी आईने बाळाला उघड्या छातीशी धरायचे, तर आधी वायरींचा गुंता आवरावा लागतो. अंगावर वापरायची उपकरणे आरामदायक हवीत, असे आपण स्मार्टवॉचच्या जाहिरातींत वाचतो. मला त्याची खरी निकड इन्क्युबेटरच्या पेटीतल्या या बाळापाशी दिसते.

अशी मऊ उपकरणे बनवण्यात अडचण आहे सिलिकॉनची. चिप ज्याची बनते ते हे द्रव्य ठिसूळ. एखाद्या टक्क्याने ताणले तरी तडकते. त्वचा मात्र सहज 20-30 टक्के ताणली जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये यावर सुरेख तोड काढली. त्यांनी मऊ रबर आधी ताणून धरले, त्यावर केसाहून शेकडो पटींनी पातळ अशा सिलिकॉनच्या पट्ट्या चिकटवल्या आणि रबर सोडून दिले. रबर आखडले तशा पट्ट्यांना साडीसारख्या निऱ्या पडल्या. पुन्हा ताणले, की निऱ्या उलगडतात. सिलिकॉनवर फारसा ताण येतच नाही. सगळी किमया पातळपणाची आहे. जाडी निम्मी केली, की पट्टी वाकवायला लागणारा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. पुढे तांब्या-सोन्याच्या तारांनाही नागमोडी वळणे देण्यात आली आणि 2011 मध्ये त्वचेला नुसते टेकवले तरी धरून राहणारे सर्किट तयार झाले.

रॉजर्स नंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. तिथल्या चमूने 2019 मध्ये शिकागोच्या रुग्णालयांत नवजात बाळांवर अशा दोन मऊ पट्ट्या वापरून पाहिल्या. छातीवरची पट्टी हृदयाचे विद्युत्-स्पंदन टिपते, पावलावरची रक्तातला ऑक्सिजन. ठोका छातीत पडल्यापासून नाडीची लाट पावलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून रक्तदाबातले चढउतारही अजमावता येतात. वायर एकही नाही.

या पट्ट्यांत बॅटरीही नव्हती. गादीखालच्या अँटेनातून त्यांना वीज मिळे. त्यामुळे पट्टी हलकी राहिली, पण बाळ अँटेनाजवळच असायला हवे! आईच्या कुशीत दूरवर जायचे तर बॅटरी लागते, आणि ती जड, कडक, ताणता न येणारी. पुढच्या आवृत्तीत छोटी बॅटरी घातली गेली.

टोकियोत ताकाओ सोमेया यांच्या गटाने दुसरीच अडचण हाती घेतली. रबराखाली घाम कोंडतो. म्हणून त्यांनी 2017 मध्ये हवा खेळू देणारी सोन्याच्या सूक्ष्म तंतूंची जाळी त्वचेवर बसवली. 20 जणांनी ती आठवडाभर लावली, कुणाच्याही त्वचेला दाह झाला नाही. ही माणसे प्रौढ आणि निरोगी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पातळ कातडी, हवा खेळू देणारी जाळी आणि बॅटरी यांचा मेळ एकाच पट्टीत बसवणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे.